अपृष्ठवंशी प्राण्यांतील अभिसंधान : एका वादाची पार्श्वभूमी

इवान पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांमुळे अभिजात अभिसंधानाची, म्हणजे दोन घटना वारंवार एकत्र घडल्या की प्राणी पहिलीलाच दुसरीचा प्रतिसाद देऊ लागतो ही, कल्पना रूढ झाली; परंतु जेमतेम मेंदू असलेल्या प्राण्यांनाही दोन घटनांची सांगड घालता येते का, यावर पुढे अनेक दशके वाद चालला. हा वाद प्राण्यांच्या कुवतीपेक्षा पुराव्याच्या कसोटीचा अधिक होता.

१९५५ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट थॉम्प्सन आणि जेम्स मॅकॉनेल यांनी प्लॅनेरिया जातीच्या चपट्या कृमींवर ३ सेकंद प्रकाश टाकून शेवटच्या सेकंदाला पाण्यातून विजेचा झटका दिला. अनेक फेऱ्यांनंतर नुसता प्रकाश पडला तरी कृमी अंग आखडू लागले. शिकलेल्या कृमींचे तुकडे खाणारे कृमी लवकर शिकतात, असाही दावा मॅकॉनेल यांनी पुढे केला आणि त्याला अर्थातच प्रसिद्धी भरपूर मिळाली. मात्र १९६४ मध्ये एडवर्ड बेनेट आणि नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ मेल्व्हिन कॅल्व्हिन यांनी या कृमींना खात्रीने शिकवता येत नसल्याचे नोंदवले. मुख्य आक्षेप आणखी मूलभूत होता : झटक्याने बिथरलेला प्राणी कोणत्याही उत्तेजनाला जास्त प्रतिसाद देतो, मग त्याला शिकणे कशावरून म्हणायचे?

या आक्षेपाचे चोख उत्तर ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीवरील प्रयोगांनी दिले. तिच्या चेतासंस्थेत सुमारे २०,००० चेतापेशी असतात आणि त्यांतील काही इतक्या मोठ्या असतात की प्रत्येक प्राण्यात त्या नेमक्या ओळखता येतात. टॉमस कॅर्यू, रॉबर्ट हॉकिन्स आणि एरिक कॅन्डेल यांनी १९८३ मध्ये एकाच प्राण्याच्या त्वचेवरील दोन जागांना हलका स्पर्श केला. एका जागेच्या स्पर्शापाठोपाठ लगेच शेपटीला झटका दिला, तर दुसऱ्या जागेचा स्पर्श झटक्यापासून वेळेने दूर ठेवला. प्राणी नुसता बिथरला असता, तर दोन्ही स्पर्शांचा प्रतिसाद सारखाच वाढला असता. प्रत्यक्षात झटक्याशी जोडलेल्या जागेला स्पर्श होताच कल्ला आत ओढण्याची क्रिया अधिक तीव्र झाली.

त्याच वर्षी याचे पेशीय स्पष्टीकरणही पुढे आले : झटक्याच्या ऐन आधी जी संवेदी चेतापेशी कार्यरत झालेली असते, तिचाच पुढच्या पेशीशी असलेला जोड विशेष बळकट होतो. संवेदी पेशीत शिरलेले कॅल्शियम आणि झटक्यामुळे स्रवलेले सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन हे दोन्ही संकेत ॲडेनिलिल सायक्लेज या विकरापाशी (एन्झाइमपाशी) एकत्र येतात, असे मानले जाते. विशेष म्हणजे फळमाशीवर स्वतंत्रपणे चाललेले संशोधनही याच विकरापाशी येऊन ठेपले. सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेने १९७४ मध्ये माश्यांना वास आणि झटका यांची सांगड शिकवली होती. पुढे शिकण्यात कच्चा ठरलेला ‘रुटाबागा’ हा उत्परिवर्ती (जनुकीय बदल झालेला) वाण मिळाला आणि त्याच्यातील दोष नेमका ॲडेनिलिल सायक्लेजमध्ये निघाला. कॅन्डेल यांना २००० मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

मध्यवर्ती मेंदूची अटही आता सैल झाली आहे. कॅरिबियन खारफुटीत राहणारा ट्रिपेडेलिया हा पेटीच्या आकाराचा, मध्यवर्ती मेंदू नसलेला जेलीफिश अंधुक पट्ट्यांवर आदळून आदळून त्या टाळायला शिकतो, असे २०२३ मध्ये दाखवण्यात आले. इतकेच नव्हे, तर शरीरापासून वेगळ्या केलेल्या त्याच्या नेत्रकेंद्रानेही (डोळे आणि चेतापेशी असलेल्या अवयवानेही) दृश्य आणि विद्युत संकेत यांची सांगड घातली.