उपास, पाणी आणि सवलत: बहाई धर्मात शरीराला एवढी किंमत कशी आली

मार्च लागला की ओळखीचे लोक हमखास विचारतात, तुमचा बहाई लोकांचा उपास नेमका कसा असतो, रमजानच्या रोजासारखा का एकादशीसारखा, पाणी चालतं का, साबुदाणा चालतो का. थोडक्यात सांगायचं तर १९ दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त, अन्नही नाही आणि पाणीही नाही, आणि उपास संपले की २० किंवा २१ मार्चला नवरोज म्हणजे आमचं नवीन वर्ष. एवढं सांगितलं की समोरच्याचं समाधान होतं, माझं होत नाही, कारण हा उपास कुणी करायचा नाही याचीही एक यादी आहे आणि ती कुणी विचारतच नाही. शरीर, बुद्धी आणि आत्मा तिन्ही सोबत घेऊन चालायचं असं बहाई धर्म सांगतो, ते या यादीत जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसरीकडं कुठं दिसत नाही असं माझं मत आहे. म्हणून ती आली कुठून ते जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात इराणातल्या शिराझची. हे नाव आपल्याला काही नवीन नाही, खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीजवळ ज्यांचा दर्गा आहे ते जैनुद्दीन शिराझी मूळचे तिथलेच. त्या शिराझमध्ये २२ मे १८४४ च्या संध्याकाळी सय्यद अली मुहम्मद नावाच्या २४ वर्षांच्या व्यापाऱ्यानं नव्या युगाची घोषणा केली, पुढं ते बाब म्हणून ओळखले गेले. त्यांच्या पहिल्या १८ शिष्यांत एक जण हिंदुस्थानी होता हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं. ९ जुलै १८५० ला तबरीझमध्ये बाबांना गोळ्या घालून मारलं, त्यांना मानणारे हजारोंनी मारले गेले.

त्यांच्यानंतर आले बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह, तेहरानच्या बड्या सरकारी घराण्यातले. १८५२ मध्ये त्यांना पकडून सियाह-चाल नावाच्या तळघरात टाकलं. ही जागा आधी एका सार्वजनिक हमामाचं पाणी साठवायचा हौद होती, म्हणजे ना उजेड ना हवा, खाली चिखल आणि घाण, पाय खोड्यात अडकवलेले आणि गळ्यात सुमारे ५० किलोची साखळी. असे चार महिने. त्या साखळीचे वण त्यांच्या अंगावर जन्मभर राहिले. रात्री कैदी समोरासमोर दोन रांगांत बसलेले असायचे, एक रांग म्हणायची की देव मला पुरेसा आहे, दुसरी म्हणायची की विश्वास ठेवणाऱ्यानं त्याच्यावरच ठेवावा, आणि हे पहाटेपर्यंत चालायचं. शरीराचे इतके हाल सोसलेल्या माणसानं पुढं शरीर म्हणजे माया, ते झिजवा, असं सांगितलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी ते सांगितलं नाही, आणि ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तिथून हद्दपारी सुरू झाली. बगदाद, इस्तंबूल, एदिर्ने आणि शेवटी ३१ ऑगस्ट १८६८ ला अक्का. अक्का म्हणजे आजच्या इस्रायलमधलं, तेव्हा तुर्की साम्राज्याचं कैद्यांचं गाव, हवा इतकी खराब की वरून उडणारा पक्षी मरून खाली पडतो असं लोक म्हणायचे, आणि तटाच्या आत गोड्या पाण्याचा झरा नाही. पहिल्या रात्री या सगळ्या लोकांना, त्यात बाया होत्या, लेकरं होती, ना धड खायला मिळालं ना प्यायला. थोड्याच दिवसांत दोघं सोडून सगळे आजारी पडले, तापानं आणि जुलाबानं तिघं गेले. बहाउल्लाहांचे थोरले चिरंजीव अब्दुल-बहा तेव्हा २४ वर्षांचे, आजाऱ्यांची शुश्रूषा तेच करत होते.

पुढं काही वर्षांनी तिथल्या एका गव्हर्नरच्या मनात बहाउल्लाहांविषयी आदर बसला आणि त्यानं विचारलं, आपली काय सेवा करू. कैदेत असलेल्या माणसानं काय मागावं? त्यांनी मागितलं की गावाला पाणी आणणारी जुनी नहर तीसेक वर्षं बंद पडलीय, ती दुरुस्त करा. गव्हर्नरनं ती केली आणि अक्काला गोडं पाणी आलं. संभाजीनगरच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको, मलिक अंबरच्या नहरीवर आपलं अख्खं शहर पिढ्यानपिढ्या जगलं आणि पाणचक्कीत आजही नहरीच्या पाण्याची गोष्ट सांगतात.

याच अक्कात, कैदी असतानाच, १८७३ च्या सुमारास त्यांनी किताब-ए-अकदस लिहिला. बहाई नियमांचा हा मुख्य ग्रंथ. आता त्यात स्वच्छतेवर जे आहे ते वाचून आपल्याकडचा माणूस आधी बुचकळ्यात पडतो, आठवड्यातून एकदा तरी अंघोळ करा, नखं कापा, उन्हाळ्यात रोज पाय धुवा, हे काय सांगायचं असतं का? पण तेव्हाचे इराणी हमाम कसे होते ते बघायला पाहिजे. एक मोठा हौद, त्यात दिवसभर सगळं गाव उतरायचं, पाणी वेळेवर बदलायचं नाही, आणि तरी धार्मिकदृष्ट्या ते पवित्रच. बहाउल्लाहांनी स्पष्ट लिहिलं की वापरलेल्या पाण्यात उतरू नका, ताजं पाणी घ्या, अंगावर ओतून घेतलेलं सगळ्यात चांगलं. नुसतं मंत्र म्हणून पाणी शुद्ध होत नाही, ते खरोखर स्वच्छ पाहिजे, असा तो सगळा रोख आहे. दारू बंद, अफू तर फारच कडक शब्दांत बंद, कारण अफूनं तेव्हाचा इराण आतून पोखरला होता. आजारी पडलात तर चांगल्या डॉक्टरकडं जा, हेही त्यातच लिहिलंय, नुसती प्रार्थना करत बसा असं नाही. एका हकीमाला लिहिलेल्या दुसऱ्या लेखात तर जेवणाबद्दल पण आहे, नीट चावून खा, पोट भरलेलं असताना त्यावर परत खाऊ नका, जिथं आहारानं काम भागतं तिथं औषधाकडं धावू नका.

संन्यास नाही. मठात बसलेल्यांनी बाहेर यावं, संसार करावा, कामधंदा करावा, भीक मागू नये, आणि जे काम सेवाभावानं केलं ती उपासनाच धरली जाते. मराठवाड्यात हे पटवून द्यावं लागत नाही. तेरचे गोरोबाकाका मडकी घडवता घडवताच संत झाले, गंगाखेडची जनाबाई दळण-कांडणात.

आता माफीची यादी. १५ वर्षांखालच्यांना उपास नाही, ७० च्या वरच्यांना नाही. आजारी माणसाला नाही, गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला नाही. प्रवासात असणाऱ्याला नाही, त्याचंही माप दिलेलं आहे, ९ तासांपेक्षा जास्त प्रवास असेल तर, आणि पायी चालत असाल तर २ तासांच्या वर. आणि अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्याला नाही. हे शेवटचं वाचताना मला दरवेळी बीडकडचे ऊसतोड कामगार दिसतात, मार्चमध्ये कारखान्याचा हंगाम संपत आलेला असतो, ऊन पस्तिशीच्या पुढं गेलेलं, हातात कोयता, डोक्यावर मोळी, पहाटे सुरू केलेली तोड. त्या जोडप्यानं दिवसभर पाण्याशिवाय राहावं असं हा धर्म म्हणत नाही. एवढंच सांगतो की उपासाच्या दिवसांत बेतानं खावं आणि चारचौघांत न खाता आडोशाला खावं, नियमाचा मान म्हणून.

आपल्याकडं याच्या उलट मोठेपणा असतो. नवरात्रात नऊ दिवस निर्जळ राहिलं, अनवाणी तुळजापूरला चालत गेलं, ताप असताना पण उपास मोडला नाही, हे कौतुकानं सांगितलं जातं, आणि त्यामागची श्रद्धा खरी असते, मी तिला नावं ठेवत नाही, माझ्या घरातल्या बायांनी आयुष्यभर तेच केलंय. पण बहाई रीतीत आजारी असताना उपास धरणं ही जास्तीची भक्ती मानत नाहीत. बहाउल्लाहांनी आजारपणातला उपास आणि नमाज यांबद्दल असंच लिहिलंय की तब्येत चांगली असताना त्यांची किंमत मोठी आहे, आजारात ते करायचे नाहीत. म्हणजे सवलत हीसुद्धा आज्ञाच झाली. ती घेणारा कच्चा आणि न घेणारा पक्का असा हिशोब इथं नाही.

पाळीचंही तसंच. त्या दिवसांत बाईला उपास आणि रोजची बंधनकारक प्रार्थना दोन्ही माफ आहेत, त्याऐवजी हात-तोंड धुऊन देवाच्या स्तुतीचं एक वचन ९५ वेळा म्हणायचं. पण हे ती अपवित्र असते म्हणून नाही, विटाळ ही कल्पनाच अकदसनं काढून टाकली, कुठल्याही वस्तूचा नाही आणि कुठल्याही माणसाचा नाही. १८७३ ला हे लिहिलं गेलंय. आपल्याकडं अजूनही कितीतरी घरांत चार दिवस बाजूला बसावं लागतं, देवघरात जाता येत नाही, तिथं नुसतं हे वाक्य वाचून दाखवलं तरी बाया एकमेकींकडं बघतात.

आणि पाण्याची सवलत. प्रार्थनेआधी हात आणि तोंड धुवायचं असतं, पण पाणी नसेल तर? तेव्हा परमपवित्र देवाच्या नावाचं एक छोटं वचन पाच वेळा म्हणायचं, झालं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन पळालेल्या माणसाला हे कलम आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटलं तर त्यात चूक काय.

ही रोजची प्रार्थना दिसते कशी तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं काहीतरी मोठा विधी असेल. तीन प्रकार आहेत, लहान, मध्यम आणि मोठी, त्यातली एक निवडायची. लहान वाली दुपारी बारा ते सूर्यास्त या वेळात एकदाच. शेतावर असाल तर लिंबाखाली घागरीतलं तांब्याभर पाणी घेऊन हात धुवायचे, तोंड धुवायचं, चप्पल बाजूला काढून पश्चिमेला पण मशिदीच्या किबल्यापेक्षा (मक्केच्या दिशेपेक्षा) थोडं उत्तरेकडं तोंड करून उभं राहायचं, तिकडं अक्काजवळ बहजी इथं बहाउल्लाहांची समाधी आहे. मग तीनच वाक्यं म्हणायची, आशय असा की देवा, तुला ओळखावं आणि तुझी भक्ती करावी म्हणून तू मला घडवलंस, मी दुबळा आहे, तू समर्थ आहेस. मिनिटभराच्या आत होतं. पुजारी नाही, मौलवी नाही, मागं रांग नाही, सामूहिक नमाज फक्त मयताच्या वेळी. मोठ्या प्रार्थनेत मात्र उभं राहणं, हात उंचावणं, वाकणं, जमिनीला कपाळ टेकवणं सगळं आहे, तिथं शरीर पण प्रार्थना करतं.

आत्म्याबद्दल बहाउल्लाहांचं म्हणणं असं की शरीराच्या किंवा मनाच्या आजारानं आत्मा आजारी होत नाही, ढगाआड गेला म्हणून सूर्याचा उजेड कमी होत नसतो, आपल्याला फक्त तो दिसत नाही. ज्यांच्या घरात कुणाला अर्धांगवायू झालाय, कुणाला विसरायचा आजार लागलाय, त्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं. समोरचं माणूस आपल्याला ओळखत नाही म्हणून ते संपलेलं नसतं.

बुद्धीच्या बाजूनं इतिहास बघितला तर तो शाळांचा इतिहास आहे. अब्दुल-बहांनी सांगितलं की मुलगा आणि मुलगी दोघांनाही शिकवणं परवडत नसेल तर आधी मुलीला शिकवा, कारण उद्या आई ती होणार. तेहरानमध्ये १८९९ ला मुलांची तरबियत शाळा निघाली, १९११ ला मुलींची, आणि १९३४ मध्ये बहाई पवित्र दिवसाला शाळा बंद ठेवली म्हणून सरकारनं दोन्हींना कुलूप लावलं. आपल्या पाचगणीत १९४५ ला न्यू एरा स्कूल सुरू झालं ते याच विचारातून. १९७९ च्या क्रांतीनंतर तर इराणात बहाई पोरांना विद्यापीठाचे दरवाजेच बंद झाले, मग त्यांनी १९८७ मध्ये घराघरांतून चालणारं स्वतःचं विद्यापीठ उभं केलं. १८ जून १९८३ ला शिराझमध्ये दहा बायकांना फाशी दिली, सगळ्यात लहान मोना महमूदनिझाद, वय १७, आणि तिच्यावरच्या आरोपांत एक होता की ती लहान मुलांचे वर्ग घेते. आपण रविवारी आठ-दहा लेकरं गोळा करून बालवर्ग घेतो, गाणं, गोष्ट, चित्र, एखादी प्रार्थना पाठ, आणि कुणी आलं नाही की कंटाळतो. मला तरी त्या दिवशी मोना आठवते.

आता हे सगळं आपल्यापर्यंत आलं कसं. वाट मुंबईवरून आली. बाबांच्या नातलगांचा मुंबईत व्यापार होता, आणि खुद्द किताब-ए-अकदस पहिल्यांदा छापला गेला तो मुंबईतच, १८९०-९१ मध्ये, अरबीत. म्हणजे महाराष्ट्रात छापलेलं पुस्तक महाराष्ट्रातल्या माणसाला वाचता येत नव्हतं अशी ती अवस्था. १९२३ ला हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाची मिळून राष्ट्रीय सभा झाली, पण आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. खेड्यापाड्यात हा धर्म मोठ्या प्रमाणात पोचला तो १९६१ नंतर, माळव्यातून सुरुवात होऊन. १९८६ ला दिल्लीचं कमळ मंदिर झालं आणि मग सहलीला जाऊन आलेला प्रत्येक जण बहाई हे नाव ऐकून होता, भले आत काय सांगतात ते माहीत नसेल.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अकदसच्या नियमांचा सारांश इंग्रजीत १९७३ ला आला आणि पूर्ण अधिकृत भाषांतर थेट १९९२ ला. त्यानंतर डिसेंबर १९९९ मध्ये हैफाच्या विश्व न्याय मंदिरानं, म्हणजे बहाईंच्या सर्वोच्च संस्थेनं, पत्र काढून कळवलं की उपास, प्रार्थना आणि रोज ९५ वेळा अल्लाह-उ-अभा (देव परमतेजस्वी आहे) म्हणणं याबद्दलचे जे बारकावे आतापर्यंत सगळीकडं लागू केलेले नव्हते तेही आता जगभरच्या बहाईंना लागू आहेत. त्यामुळं ६०-७० च्या दशकात बहाई झालेल्या जुन्या माणसांना उपास माहीत असतो, लहान प्रार्थना पाठ असते, पण पायी प्रवासाचे २ तास किंवा पाणी नसतानाचं पाच वेळा म्हणायचं वचन माहीत नसेल तर तो त्यांचा दोष नाही, ते त्यांच्यापर्यंत उशिरा पोचलं. अशी वडीलधारी माणसं घरात असतील, सत्तरी ओलांडलेली, शुगरच्या गोळ्या चालू असलेली, तर मार्चच्या आधी त्यांच्याजवळ बसून ही माफीची यादी त्यांना मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा, आणि शेवटचा निर्णय डॉक्टरला विचारून घ्या, तेही अकदसमध्येच सांगितलेलं आहे.