न्यूयॉर्कमधील बर्लेस्क : कायद्याने बंदी की परवान्याची अडवणूक?

न्यूयॉर्क शहरात 1937 साली खास कायदा करून बर्लेस्कवर, म्हणजे विनोदी प्रहसने आणि अंगावरचे कपडे उतरवत केलेली नृत्ये असलेल्या रंगमंचीय खेळांवर, बंदी घालण्यात आली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. परंतु तसा कायदा झालेलाच नव्हता. अश्लील प्रयोगांविरुद्धच्या फौजदारी तरतुदी आधीपासून अस्तित्वात होत्या, मात्र त्यांखाली शिक्षा व्हायची तर न्यायालयात पुरावा टिकावा लागे. बर्लेस्कचे खेळ चालवणाऱ्या मिन्स्की बंधूंच्या नॅशनल विंटर गार्डन या नाट्यगृहावरील 1925 च्या छाप्याने बर्लेस्क संपले, ही समजूतही चुकीची आहे, कारण 1931 मध्ये याच बंधूंनी थेट शहराच्या मुख्य नाट्यवस्तीतील 42 व्या रस्त्यावरील रिपब्लिक थिएटरमध्ये आपले खेळ सुरू केले.

खरा घाव परवाना खात्याने घातला. नाट्यगृहांना दरवर्षी परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. मिन्स्कींच्या एका नाट्यगृहाशी संबंधित खटल्यात शिक्षा झाल्यानंतर, महापौर फिओरेलो ला गार्डिया यांच्या पाठिंब्याने परवाना आयुक्त पॉल मॉस यांनी मे 1937 च्या आरंभी शहरातील सर्वच बर्लेस्क नाट्यगृहांच्या परवान्यांचे नूतनीकरण नाकारले. म्हणजे ज्यांच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झाला नव्हता, त्यांचीही दारे बंद झाली. हे मला साध्या बंदीपेक्षा अधिक गंभीर वाटते, कारण कायद्यावर निदान विधिमंडळात उघड चर्चा होते.

पुढे काही नाट्यगृहे उघडली, पण जाहिरातीत ‘बर्लेस्क’ हा शब्द आणि मिन्स्की हे नाव वापरण्यास मनाई होती. उरलेल्यांचे परवाने 1942 मध्ये याच मार्गाने थांबवण्यात आले.