प्रायमरीतलं भांडण नोव्हेंबरपर्यंत टिकतं का?

अमेरिकेत प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक) रंगली की एक भाकीत हमखास ऐकू येतं : पक्ष दुभंगला, आता नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत आपटणार. 2008 साली तर त्याला आकड्याचाही आधार होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन आणि ओबामा झुंजत होते. मार्चमधल्या गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत हिलरींच्या 28 टक्के समर्थकांनी सांगितलं, की ओबामा उमेदवार झाले तर आम्ही रिपब्लिकन मॅकेनना मत देऊ. म्हणजे थेट विरोधी पक्षाला! आपल्याकडे तिकीट कापलं की इच्छुक अपक्ष अर्ज भरतो. तिथे उमेदवार मतदारच निवडतात, त्यामुळे बंडखोरीची धमकीही मतदारांनीच दिली.

नोव्हेंबरमध्ये मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, तेव्हा स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्या 89 टक्के लोकांनी ओबामांना मत दिलेलं होतं. मग मार्चमधला राग गेला कुठे?

याचं एक सुरेख उत्तर समाजमानसशास्त्रात आहे. हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टॉलच्या शाळकरी मुलांना 'तुला क्लेची चित्रं आवडतात, तुला कँडिन्स्कीची' असं सांगून गट पाडले. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. 'आपण' आणि 'ते' व्हायला एवढं पुरतं! ताजफेल यांचे सहकारी जॉन टर्नर यांनी पुढचा प्रश्न विचारला : ही रेषा नेमकी कुठे पडते?

त्यांचं उत्तर एका गुणोत्तरात आहे. बाहेरच्यांशी असलेलं सरासरी अंतर भागिले आपापसातलं सरासरी अंतर. ज्या वाटणीत हे गुणोत्तर मोठं, ती वाटणी मनाला 'खरी' वाटते. गृहीत धरा, मतांची पट्टी 0 ते 10 अशी आहे. ओबामांचे दोन समर्थक 2 आणि 3 वर, हिलरींचे 4 आणि 5 वर. हिलरीवाल्यांत आपसातलं अंतर 1, ओबामावाल्यांशी सरासरी 2. गुणोत्तर 2. समोर दुसरं कुणीच नसल्यामुळे हीच भिंत उंच दिसते. आता 9 आणि 10 वर मॅकेनवाले आणून बसवा. चौघा डेमोक्रॅटांमधलं सरासरी अंतर (सहा जोड्या, करून बघा) साधारण 1.67, आणि मॅकेनवाल्यांशी 6. गुणोत्तर 3.6! कुणाचंच मत तसूभरही हललेलं नाही, फक्त तुलनेच्या चौकटीत तिसरा आला आणि रेषा सरकली.

हिलरींनी 27 जूनला ओबामांसोबत न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी गावात सभा घेतली (जानेवारीत तिथे दोघांनाही 107 मतं पडली होती) आणि ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांची निवड एकमुखाने करण्याचा प्रस्ताव स्वतः मांडला. त्याने रेषा सरकायला मदत झाली असणार, पण सगळं श्रेय त्या हस्तांदोलनाला देणं मला पटत नाही. मार्चच्या चाचणीवरून नोव्हेंबर सांगणारे विश्लेषक आणि नेत्यांच्या कुंडल्या मांडणारे ज्योतिषी यांच्यातही मला फार अंतर दिसत नाही. पहिल्यांकडे निदान आकडे असतात.

'पण 1976 मध्ये फोर्ड, 1980 मध्ये कार्टर, 1992 मध्ये थोरले बुश, तिघेही सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष प्रायमरीत झुंजले आणि नोव्हेंबरमध्ये हरले, त्याचं काय?' इथे कारण आणि परिणाम उलटे धरले जातात. 1980 मध्ये महागाई भडकलेली, तेहरानमध्ये अमेरिकी ओलीस अडकलेले. कार्टर डळमळीत दिसत होते म्हणूनच त्यांच्याच पक्षातल्या टेड केनेडींना आव्हान द्यावंसं वाटलं. जे दुखणं प्रायमरीत आव्हानवीर उभा करतं, तेच नोव्हेंबरमध्ये हरवतं.

रेषा सगळ्यांसाठीच सरकते असंही नाही. 2016 मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरींकडून हरलेल्या सँडर्स यांच्या सुमारे 12 टक्के मतदारांनी, एका मोठ्या सर्वेक्षणानुसार, नोव्हेंबरमध्ये ट्रम्पना मत दिलं. त्यांच्यातले बरेच जण स्वतःला डेमोक्रॅट समजतच नव्हते. मोठ्या 'आपण'मध्ये जे मुळात कधी नव्हतेच, त्यांना टर्नरचं गणित तिथे कसं आणणार?