बाप्पाभोवती दोन आगगाड्या: घरच्या आरासीत रूळ बसवताना

गणपती महिन्यावर आले की आमच्या दुकानात खेळण्यातल्या आगगाड्यांबद्दल एकच विचारणा सुरू होते: एका गाडीच्या जागेत दोन बसतील का? बसतात. फक्त सेट घ्यायच्या आधी चौरंग मोजून या, आणि तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजा. सोळा इंची चौरंगाचा कर्ण साडेसत्तावन्न सेंटिमीटर भरतो. गोल रुळांच्या आत चौरंग ठेवायचा, तर हेच माप कामाला येतं.

प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा येतो. अर्धा कापून घेतला की चार बाय चार, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर. हॉर्नबी, पेको या कंपन्यांचे १६.५ मिलिमीटर गेजचे (म्हणजे दोन पट्ट्यांत तेवढं अंतर असलेले) तयार वाकडे रूळ ३७१, ४३८ आणि ५०५ मिलिमीटर त्रिज्येचे मिळतात. बहुतेक जण पहिले दोन घेतात आणि एकात एक मांडतात. मग दोन रुळांच्या मध्यांत जेमतेम ६७ मिलिमीटर अंतर राहतं. वळणावर लांब डब्याचं पोट आत सरकतं, टोकं बाहेर येतात, आणि समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना घासू शकतात. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा घ्या, त्याच्या कडेला पेन्सिल चिकटवा आणि खाली कागद पसरून डबा हातानं वळणावरून ढकला. किती जागा लागते ती रेघच दाखवते.

आमचा सल्ला असा, की मधला ४३८ चा गोल घेऊच नका. खाली ५०५ चा, आणि त्याच्या आत दहा सेंटिमीटर उंच पायरीवर ३७१ चा. खालच्या गोलाचा व्यास १०१ सेंटिमीटर, म्हणजे प्लायच्या कडेपर्यंत चहूबाजूंनी साधारण दहा सेंटिमीटर उरतात. पायरीसाठी प्लायचं दहा सेंटिमीटर रुंदीचं कडं कापून घ्या, आतला व्यास ६४ सेंटिमीटर ठेवा. सोळा इंची चौरंग त्यात नीट बसतो, आणि पुढं बसलेल्या पोरांना दोन्ही गाड्या पूर्ण दिसतात. वरच्या गोलावर आखूड डबेच लावा. लांब डब्यांना ते वळण झेपत नाही.

जागा त्याहून कमी असेल तर ९ मिलिमीटर गेजचे रूळ बघा. काटो कंपनीचे २४९ आणि ३१५ मिलिमीटर त्रिज्येचे गोल अडीच फुटांच्या चौकोनात बसतात. आत मात्र लहान पाटच मावतो.

दोन्ही फेरे चढानं जोडून एकच गाडी वर-खाली करायची हौस पुष्कळांना असते. ती आम्हालाही होती. शंभराला तीनचा चढ धरला तरी दहा सेंटिमीटर वर जायला ३.३ मीटर लांबी लागते, आणि खालचा अख्खा फेराच ३.१७ मीटरचा आहे. आम्ही चढ उभा करून पाहिला, तेव्हा इंजिन अर्ध्या वाटेत जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं. फेरे वेगळेच ठेवा, आणि प्रत्येकाला १२ व्होल्ट डीसीचा स्वतंत्र कंट्रोलर द्या. गाड्या उलट दिशांना सोडा. फेऱ्यांची लांबी सारखी नसल्यानं त्या दर वेळी नव्या जागी भेटतात, आणि पोरं तेवढ्यासाठी तासभर हलत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवायची नसते. तेव्हा मागे काही बिघडलं तर हात पोचत नाही. वायरींचे जोड पुढच्या बाजूला घ्या, भिंत आणि प्लाय यांत हात जाईल इतकी फट सोडा आणि चतुर्थीच्या दोन दिवस आधी गाड्या सलग तासभर चालवून बघा. चौरंग प्लायवर न टेकवता त्याच्या खाली वेगळा आधार द्या, म्हणजे गाडीची थरथर मूर्तीपर्यंत जात नाही.

आपल्याकडं कोल्हापुरात गौरी येते, मागोमाग शंकरोबाही, म्हणजे महादेव, येतात. त्यांची जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेवा. गौरीच्या सकाळी रूळ उचकटायची पाळी आलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

आरतीच्या वेळी दोन्ही गाड्या बंद ठेवा. रुळावर पडलेली एक अक्षतसुद्धा डबा उतरवते. उदबत्तीच्या धुरानं रुळांवर चिकट थर बसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी अडखळायला लागली की लोकांना इंजिन बिघडल्यासारखं वाटतं. सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा, गाडी पूर्ववत चालते. हे अल्कोहोल पेट घेतं, म्हणून वीज बंद करून, निरांजन आणि समई विझलेली असतानाच पुसा.

डोंगरासाठी थर्माकोल नको, आरासीत त्याला २०१८ पासून बंदी आहे. सुकलेल्या मातीची धूळ इंजिनाच्या दात्यांत जाते, म्हणून कागदाचा लगदा बरा.

स्टेशनच्या पाटीवर पुष्कळ जण 'कोल्हापूर' लिहितात. पण १८९१ साली मिरजेहून गाडी आली तेव्हापासून आपलं स्टेशन शेवटचंच, गाडी इथून पुढं जात नाही. फिरत्या गाडीला मिरजेच्या वाटेवरचं 'रुकडी' शोभेल, पंचगंगेवरचा पूलही करता येईल.

चौरंगाचं माप आणि सगळ्यात लांब डबा घेऊन या. दुकानातल्या फरशीवर रूळ मांडून दाखवतो, पसंत पडले तरच घ्या.