एचआयव्ही आणि इतर रेट्रोव्हायरसांचा सहसंसर्ग

एचआयव्ही-१ची लागण असलेल्या व्यक्तीच्या शरीरात त्याच कुळातला दुसरा विषाणूही असेल, तर त्या स्थितीला रेट्रोव्हायरस सहसंसर्ग म्हणतात. हा दुसरा विषाणू बहुधा एचटीएलव्ही-१, एचटीएलव्ही-२ (टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींना लागण करणारे विषाणू) किंवा एचआयव्ही-२ (एचआयव्हीचा दुसरा प्रकार) असतो. हे सारे विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करून तो पेशीच्या जनुकसंचात कायमचा गुंफतात. लैंगिक संबंध, रक्त आणि मातेकडून बाळाकडे, या वाटांनी ते पसरतात. त्यामुळे एकाची लागण झालेल्याला दुसऱ्याचाही धोका असतो. एचआयव्ही रुग्णांची क्षय आणि हिपॅटायटिस-बीसाठी तपासणी होते. एचटीएलव्हीसाठी मात्र बहुतेक ठिकाणी होतच नाही. या सहसंसर्गाची खरी अडचण तिथूनच सुरू होते.

एचटीएलव्ही-१ हा माणसात सापडलेला पहिला रेट्रोव्हायरस. रॉबर्ट गॅलो यांच्या अमेरिकेतील गटाने 1980 मध्ये त्याची नोंद केली. नैऋत्य जपान, कॅरिबियन बेटे, दक्षिण अमेरिकेचे काही भाग, सहाराखालील आफ्रिका, इराणमधील मशहद आणि मध्य ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाज ही त्याची प्रमुख क्षेत्रे आहेत. जगात किमान 50 लाख ते 1 कोटी लोकांना त्याची लागण असावी, असा 2012 मधला अंदाज आहे. बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. थोड्या जणांना प्रौढ टी-पेशी ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होतो, तर काहींचा मज्जारज्जू हळूहळू निकामी होऊन पायांतली ताकद जाते आणि लघवीवरचा ताबा सुटतो.

एचआयव्ही आणि एचटीएलव्ही-१ दोघेही सीडी४ पेशींत, म्हणजे रोगप्रतिकार सांभाळणाऱ्या टी-पेशींत, शिरतात, पण उलट दिशेने काम करतात. एचआयव्हीमुळे या पेशी मरतात. एचटीएलव्ही-१ आपल्या टॅक्स प्रथिनाद्वारे त्यांना विभाजनाला प्रवृत्त करतो. म्हणून दोन्ही विषाणू असलेल्या रुग्णाचा सीडी४ आकडा चांगला दिसू शकतो, पण वाढलेल्या पेशी संरक्षणाचे काम नीट करतीलच असे नाही. आकडा (रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे) 400 च्या वर असतानाही संधिसाधू संसर्ग, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाल्याचा फायदा घेणारा संसर्ग, होऊ शकतो. उपचार किंवा प्रतिबंधक औषधे केवळ या आकड्यावर ठरवली, तर रुग्णाचा घात होऊ शकतो. सीडी४ची वाट न पाहता प्रत्येक एचआयव्ही बाधिताला एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 पासून सुचवले. त्यामुळे हा धोका बराच कमी झाला, तरी प्रतिबंधक औषधांबाबत तो उरतोच. स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या कृमीचा प्रादुर्भाव एचटीएलव्ही-१ असलेल्यांत सर्वांगात पसरून जीवघेणा ठरू शकतो, आणि स्टेरॉइडमुळे तो आणखी भडकतो. खपल्यांच्या तीव्र खरजेनेही या विषाणूची शंका यावी.

एआरटीने एचआयव्ही आटोक्यात येतो, एचटीएलव्ही-१ नाही. तो मुख्यतः बाधित पेशींच्या विभाजनातूनच वाढतो, त्यामुळे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) रोखणाऱ्या औषधांना पकडायला फारसे काही मिळत नाही. एचआयव्हीचा विषाणूभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) शून्यावर असूनही पाय लुळे पडत चालले, तर एचटीएलव्हीची तपासणी अवश्य व्हावी.

एचटीएलव्ही-२ अमेरिका खंडातील मूलनिवासींत आणि शिरेतून नशा करणाऱ्यांत आढळतो. त्याचा कल सीडी८ या दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशींकडे आहे. एचआयव्हीला पेशीत शिरण्यासाठी लागणारा सीसीआर५ ग्राहक अडवणारी रसायने तो वाढवतो. त्यामुळे एचआयव्हीची प्रगती मंदावत असावी, असे काही अभ्यासांत दिसले आहे.

एचआयव्ही-२ची नोंद 1986 मध्ये झाली. पश्चिम आफ्रिका हे त्याचे मूळ क्षेत्र. पोर्तुगाल आणि भारतातही तो आढळतो. त्याच्याबाबतीत प्रश्न औषधांचा असतो. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेंझ ही एचआयव्हीची औषधे त्याच्यावर मुळातच निष्प्रभ आहेत, तर डोल्युटेग्राविर हे औषध दोन्ही प्रकारांवर चालते. नेहमीची विषाणूभार चाचणी फक्त एचआयव्ही-१ मोजते, म्हणून अहवाल निर्दोष असूनही सीडी४ घसरू शकतात. जलद चाचणीत दोन्ही रेघा उमटल्या म्हणजे दोन्ही विषाणू आहेतच असेही नाही. प्रतिपिंडांत साम्य असते, म्हणून खात्रीची वेगळी चाचणी लागते.

एचटीएलव्हीवर मान्यताप्राप्त लस नाही. रक्तदात्यांची तपासणी, निरोध, स्वच्छ सुया आणि बाधित मातेचे स्तनपान टाळणे किंवा त्याचा काळ कमी करणे, हेच उपाय आहेत. नागासाकी परिसरात 1987 पासून गर्भवतींची तपासणी करून हा शेवटचा उपाय राबवला गेला आणि बाळांतली लागण ठळकपणे घटली.