मधुमेहाच्या इंजेक्शनांचा वजन घटवण्यासाठी वापर

टाइप २ मधुमेहासाठी तयार झालेली, त्वचेखाली टोचून घ्यायची काही औषधे भूक कमी करतात आणि त्यामुळे वजन घटते. ती मुद्दाम वजनासाठी घेणे हा या नोंदीचा विषय आहे. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही या गटातली मुख्य नावे. पहिली दोन जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करतात. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. लिराग्लुटाइड रोज टोचावे लागते, बाकीची दोन आठवड्यातून एकदा.

इन्सुलिन या गटात येत नाही. मधुमेहाचे इंजेक्शन म्हटले की बहुतेकांना आधी तेच आठवते, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. इन्सुलिनने वजन सहसा वाढते, आणि मधुमेह नसलेल्या माणसाने ते टोचून घेतले तर रक्तातली साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते. दोन्हींची पेने (पेनासारखी टोचायची साधने) दिसायला बरीच सारखी असतात. याच सारखेपणाचा फायदा घेऊन इन्सुलिनच्या पेनावर दुसरे लेबल चिकटवून विकल्याचे प्रकार २०२३ मध्ये युरोपात उघडकीस आले.

एक औषध, दोन नावे

ओझेम्पिक आणि वेगोव्ही या दोन्हींत सेमाग्लुटाइडच असते. ओझेम्पिकला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मधुमेहासाठी मान्यता मिळाली. त्याचा कमाल डोस आठवड्याला २ मिलीग्रॅम आहे. वेगोव्ही जून २०२१ मध्ये स्थूलतेसाठी आले, तेव्हा डोस २.४ मिलीग्रॅमपर्यंत. टिर्झेपाटाइड मधुमेहासाठी मौंजारो (२०२२) आणि वजनासाठी झेपबाउंड (२०२३) या नावांनी तिथे विकले जाते. लिराग्लुटाइडची जोडी व्हिक्टोझा आणि सॅक्सेंडा. त्यामुळे एखादा माणूस वजनासाठी ओझेम्पिक घेतो तेव्हा औषध चुकीचे नसते. मान्यता वेगळ्या कारणासाठी असते आणि डोसाचा पल्ला वेगळा असतो. डॉक्टर असे लिहून देऊ शकतात. मात्र या मागणीमुळे मधुमेहाच्या रुग्णांनाच औषध मिळेनासे झाले होते. अमेरिकेत सेमाग्लुटाइडचा तुटवडा २०२२ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत चालला.

वजनासाठी हे औषध साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३० किंवा अधिक असेल तर, अथवा २७ किंवा अधिक असून जोडीला रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडणे असे काही असेल तर देतात. लग्नाआधी चार किलो उतरवायला म्हणून ते तपासलेले नाही.

भूक कशी मरते

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ पाझरते. साखर वाढलेली असेल तेवढ्यापुरते ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते. शरीरातले हे संप्रेरक जेमतेम दोन मिनिटांत निकामी होते. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात मात्र त्याच्याशी मिळताजुळता, टिकाऊ रेणू असल्याचे संशोधक जॉन एंग यांनी १९९२ च्या सुमारास दाखवले. त्यावरून बनलेले एक्सेनाटाइड २००५ मध्ये बाजारात आले. सेमाग्लुटाइडच्या रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडलेली असते. त्या शेपटीने ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते आणि निम्मे औषध उतरायलाच सुमारे एक आठवडा लागतो.

चरबी ‘जाळणे’ हे या औषधाचे काम नाही. माणूस कमी खातो म्हणून वजन उतरते. घेणारे बरेचदा सांगतात की डोक्यात सतत चाललेला खाण्याचा विचारच थांबला.

डोसाची शिडी

सेमाग्लुटाइड ०.२५ मिलीग्रॅमने सुरू करतात. चार आठवड्यांनी ०.५, मग दर चार आठवड्यांनी १, १.७ आणि २.४. टिर्झेपाटाइडची सुरुवात २.५ मिलीग्रॅमने होते, चार आठवड्यांनी ५, आणि पुढे गरज असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने २.५ ची भर घालत जास्तीत जास्त १५. लिराग्लुटाइड रोज ०.६ पासून दर आठवड्याला एकेक पायरी चढत ३ मिलीग्रॅमपर्यंत जाते.

पहिल्या महिन्याच्या डोसाकडून वजन घटण्याची अपेक्षाच नसते; तो पोटाला सवय लावण्यासाठी असतो. महिनाभरात काटा हलला नाही म्हणून पायरी गाळणे ही सर्वांत नेहमीची चूक, आणि तिची शिक्षा उलट्यांच्या रूपाने मिळते. औषध आठवड्याहून अधिक काळ अंगात राहत असल्याने जास्त झालेला डोस काढून टाकता येत नाही, त्याचा असर ओसरेपर्यंत थांबावे लागते. उलट, खालच्याच पायरीवर भूक ताब्यात असेल आणि वजन उतरत असेल, तर वर जाण्याची घाई कशाला?

डोस चुकला तर औषधागणिक नियम वेगळा. ओझेम्पिक पाच दिवसांच्या आत आणि टिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत आठवले तर घ्यावे, नाहीतर तो आठवडा सोडून ठरलेल्या वारी पुढचा डोस घ्यावा. दोन डोस एकदम घेऊ नयेत. लागोपाठ तीन-चार आठवडे खंड पडला तर पोटाची सवय मोडलेली असते. अशा वेळी डॉक्टर बहुधा पुन्हा खालच्या पायरीवरून चढायला सांगतात.

टोचताना

जागा तीन: बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, मांडीचा पुढचा भाग, दंडाची मागची बाजू. दर वेळी जागा थोडी बदलावी. अनेक डोसांच्या पेनाला प्रत्येक वेळी नवी सुई लावायची. नवे ओझेम्पिक पेन पहिल्यांदा वापरताना सुईच्या टोकावर थेंब दिसतो का ते पाहतात. काही पेनांना ही तपासणी दर वेळी लागते. मग डोस फिरवून घ्यायचा, सुई सरळ आत घालायची, बटण दाबायचे आणि खिडकीत ० आल्यावरही दाबून धरून सावकाश सहापर्यंत मोजायचे. ० दिसताच सुई ओढली की औषध कातडीवर ओघळते आणि डोस अर्धवट जातो. एखादा थेंब बाहेर आला तर त्याची भरपाई म्हणून पुन्हा टोचू नये.

सुई पेनाला तशीच लावून ठेवली की औषध गळते, आत हवा शिरते, सुई तुंबते. पेन कोणालाही वापरायला देऊ नये, सुई बदलून दिली तरीही, कारण रक्ताचा अंश मागे पेनात जाऊ शकतो.

न उघडलेले पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, पण मागच्या भिंतीला टेकवून नाही. तिथे ते गोठते, आणि एकदा गोठलेले औषध वितळून पुन्हा स्वच्छ दिसले तरी टाकूनच द्यावे लागते. वापरात घेतलेले ओझेम्पिक ३० अंशांच्या आत ५६ दिवस चालते. द्रव गढूळ किंवा रंगीत दिसला तर वापरू नये.

कुपी आणि सिरिंज वापरणाऱ्यांची चूक बहुधा आकड्यांत होते. समजा कुपीत दर मिलीलिटरला ५ मिलीग्रॅम औषध आहे आणि डोस ०.२५ मिलीग्रॅम. म्हणजे ओढायचे ०.०५ मिलीलिटर, इन्सुलिनच्या १०० युनिटच्या सिरिंजवर फक्त ५ रेघा. ‘पाच’च्या जागी ‘पन्नास’ रेघांपर्यंत भरले की दसपट औषध गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये नेमक्या अशा चुकांबद्दल इशारा दिला. काहींनी पाच ते वीसपट डोस घेतला होता आणि काहींना रुग्णालयात न्यावे लागले. युनिट हे औषधाचे वजन नसून सिरिंजवरची खूण आहे, आणि दुसऱ्या कुपीची तीव्रता वेगळी असेल तर तीच रेघ वेगळा डोस देते.

काय बिघडते

मळमळ, जुलाब, उलट्या, बद्धकोष्ठ. वेगोव्हीच्या चाचण्यांत ४४ टक्के लोकांना मळमळ झाली. डोस वाढल्यानंतरचे दिवस सर्वांत त्रासाचे. लहान घास, थोडे जेवण, तळकट वर्ज्य आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात थांबवणे याने बराच फरक पडतो. उलट्या-जुलाब लांबले आणि पाणी कमी पडले तर मूत्रपिंडांना इजा होते. वजन झपाट्याने उतरल्याने पित्तखडे होऊ शकतात. पोटात वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. औषध बंद करून लगेच रुग्णालय गाठावे. सल्फोनिलयुरिया या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरण्याचा धोका असतो, म्हणून त्यांचे डोस आधीच कमी करतात. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडलेला असेल तर सुरू करण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत.

कमी झालेल्या किलोंत स्नायूही असतात: निरनिराळ्या चाचण्यांत घटीचा सुमारे पाव ते दोन पंचमांश भाग चरबीखेरीज वस्तुमानाचा होता. पुरेशी प्रथिने आणि वजने उचलण्याचा व्यायाम यांचा आग्रह त्यासाठीच. भूक नसताना प्रथिनेच आधी सुटतात, ही यातली खरी अडचण.

स्वतःला किंवा घराण्यात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असेल, अथवा एमईएन २ हा आनुवंशिक विकार असेल, तर ही औषधे देत नाहीत. उंदरांत थायरॉइडच्या गाठी दिसल्यामुळे ही अट आहे. गरोदरपणात घेऊ नयेत, आणि सेमाग्लुटाइड मूल हवे असण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपाटाइडने गर्भनिरोधक गोळी कमी शोषली जाऊ शकते, त्यामुळे सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे दुसरे साधन लागते. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनबद्दल आवर्जून सांगावे. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेले असू शकते आणि भूल दिल्यावर ते फुप्फुसात उतरू शकते.

किती घटते आणि थांबवल्यावर

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेप १ चाचणीत १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले, नुसते निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. दुसऱ्या एका चाचणीत टिर्झेपाटाइडच्या १५ मिलीग्रॅमने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. मधुमेह असलेल्यांत घट कमी भरते, सेमाग्लुटाइडने सुमारे ९.६ टक्के. हे सगळे सरासरीचे आकडे. काहींचे वजन फारसे हलत नाही.

स्टेप १ मधल्या काही जणांचे औषध बंद झाल्यावर त्यांच्याकडे वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा उतरलेल्या वजनातले सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. सुधारलेला रक्तदाबही बहुतांशी मागे गेला. औषध उतरले की भूक पूर्वीसारखी लागते, एवढेच त्यामागे आहे. तीन महिन्यांचा ‘कोर्स’ म्हणून ही इंजेक्शने विकणारे नेमके हेच सांगत नाहीत. तीन महिन्यांत तर सेमाग्लुटाइडची शिडीसुद्धा चढून होत नाही.