केळीचं पान, सिकलसेलचं रक्त: परदेशी जाणाऱ्या नमुन्यांच्या परवान्यांची पार्श्वभूमी

सुरुवातीच्या कायद्यांची नजर बाहेरून येणाऱ्या मालावर होती. १८९८ चा पशुधन आयात कायदा, १९१४ चा कीड-रोगांचा कायदा, दोन्हींना काळजी एकच: रोग देशात शिरू नये. इथून काय बाहेर जातं याची विचारपूस नव्हती. देशातल्या सजीव संपत्तीवर त्या देशाचाच हक्क मानणाऱ्या १९९२ च्या जैवविविधता करारानंतर वारं फिरलं आणि २००२ चा जैविक विविधता कायदा आला. पण जुने कायदेही राहिले, म्हणून आज नमुन्याच्या एकाच नळीमागे दोन-तीन खात्यांचे कागद लागतात.

रावेर-यावलच्या केळीवरचा हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकंबर मोझॅइक व्हायरस), घ्या. रोगट पान परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचं तर पान हे ‘जैविक संसाधन’ आणि त्यातला विषाणूही. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे करायच्या अर्जात दोन्हींची नावं हवीत. नोव्हेंबर २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संशोधकाला बिगरव्यापारी तपासणीसाठी वेगळा अर्ज दिला; त्याआधी वाट फारच अंधुक होती. डिसेंबर २०२४ पासून नवे नियम लागू आहेत, त्यामुळे जुने छापील अर्ज वापरू नयेत. दुसरी अडचण पीक-आरोग्य प्रमाणपत्राची. ते ‘माल रोगमुक्त आहे’ असं सांगतं आणि इथे तर रोगच पाठवायचा आहे! म्हणून समोरच्या देशाचा आयात परवाना आधी हातात असावा लागतो. काही जण पानाऐवजी त्यातला आरएनए (विषाणूचं जनुकीय साहित्य) काढून पाठवतात. त्याने रोग पसरू नये म्हणून असलेल्या क्वारंटाइनचा प्रश्न बराच हलका होतो, जैवविविधतेचा होत नाही, कारण जनुकीय साहित्यही कायद्याच्या व्याख्येत बसतं.

माणसाचं मात्र बसत नाही. मानवी जनुकीय साहित्य २००२ च्या कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळलं. धडगाव-अक्कलकुव्यातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाच्या रक्ताला त्यामुळे वेगळा रस्ता लागतो: परदेशी संस्थेबरोबर संशोधन असेल तर आधी स्थानिक नैतिकता समिती, मग केंद्रातल्या आरोग्य खात्याची छाननी समिती. इथवर ठीक. वाद आहे तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या ४ ऑगस्ट २०१६ च्या अधिसूचनेचा. भारतीय निदान प्रयोगशाळा आणि औषध-चाचण्या करून देणाऱ्या कंपन्यांना व्यावसायिक कामासाठी मानवी नमुने आणण्या-पाठवण्याकरता लागणारी पूर्वपरवानगी तिने काढून टाकली. सुरक्षित वाहतूक आणि विल्हेवाटीचे नियम पाळू अशी हमी दिली की झालं. बाजू घेणारे म्हणतात, परवानगीची वाट पाहताना नमुने खराब होत आणि काम दुसऱ्या देशांत जाई. ते खरंही आहे. पण त्याच अधिसूचनेतल्या सवलतीत ‘तपासणी’ला चिकटून ‘संशोधन व विकास चाचणी’ हेही शब्द आले आणि तपासणी व संशोधन यांच्यातली रेघ पुसट झाली. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल माणसाच्या रक्तातून उद्या औषध निघालं, तर केळीच्या पानाला लागू असलेली लाभवाटपाची (नफ्यातला वाटा स्थानिकांना देण्याची) तरतूद त्याला नाही. जुलै २०२३ मध्ये सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत, म्हणून हा प्रश्न आता टाळता येणार नाही. संमतीपत्रात ‘नमुना देशाबाहेर जाऊ शकतो’ हे वाक्य रुग्णाच्या बोलीत हवं, आणि वाचून दाखवलेलं हवं.

तिसरा धागा नवापूरचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, तिथल्या कोंबड्यांत सापडला, नमुने भोपाळला तपासले गेले. तेव्हापासून पॅकिंगची भाषा खानदेशातही रुळली. या विषाणूचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू, जास्त धोक्याच्या ‘अ’ वर्गात जातं; धोकादायक मालाचा त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक यूएन २८१४. कोंबडीच्या घशातला नुसता स्वॅब ‘ब’ वर्गात, यूएन ३३७३. वर्ग चुकला की विमान कंपनी खोकं परत करते. ‘ब’ वर्गाला तीन थर लागतात: गळती न होणारी नळी, शोषक कापूस घातलेला दुसरा डबा, आणि किमान एक बाजू १०० × १०० मिलिमीटर असलेलं कडक खोकं. द्रव असेल तर नळी किंवा दुसरा डबा ९५ किलोपास्कल दाब सोसणारा हवा. एका नळीत कमाल १ लिटर, खोक्यात ४ लिटर.

नमुना थंड ठेवणारा ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) नेहमी दुसऱ्या डब्याच्या बाहेर घालावा आणि खोक्याला वायू निघायला वाट ठेवावी. घट्ट बंद केलं तर फुटतं. चांगल्या थर्माकोलच्या खोक्यातूनही दिवसाला दोन-तीन किलो उडून जातो. जळगावहून शुक्रवारी निघालेलं पार्सल मुंबईच्या कस्टम्समध्ये रविवार काढतं, म्हणून पाठवणी सोमवारी करावी. आणि परवाना, इनव्हॉइस, खोक्यावरचं लेबल या तिन्हींवर नमुन्याचं शास्त्रीय नाव आणि नळ्यांची संख्या तंतोतंत सारखी हवी. परवान्यावर २० आणि खोक्यात २२ नळ्या असतील तर जादा दोन नळ्यांपायी अख्खं खोकं अडतं.